पेशंटबद्दल लिहावं का? सायकियाट्रीच्या रेसिडेंटचा प्रश्न

रेसिडेंट_मिरज
नमस्कार. एमडी सायकियाट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओपीडीत ऐकलेलं रात्री डोक्यातून जात नाही, आणि लिहायची सवय शाळेपासूनची. एका दिवाळी अंकाने लेख मागितलाय. सगळे म्हणतात, नाव बदल आणि लिही. माझं मन घेत नाही. डॉक्टरकी आणि लेखन, दोन्ही मनापासून केलेलं कुणी आहे का?

निशिगंध
अर्विन यालोम वाच गं, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आणि लेखक. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते, तेव्हापासून त्यांची पुस्तकं माझ्या टेबलावर आहेत.

१९३१चा जन्म, वॉशिंग्टनचा. आईवडील स्थलांतरित ज्यू, गरीब वस्तीत किराणा दुकान आणि वरती बिऱ्हाड. हा मुलगा सायकलवरून वाचनालयात जायचा. कादंबरी लिहिण्याइतकं थोर काम दुसरं नाही, हे तेव्हाच मनात बसलेलं. पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक. १९७०चं त्यांचं ग्रुप थेरपीचं (पेशंटच्या गटावर एकत्र उपचार) पाठ्यपुस्तकही जागोजागी माणसांच्या गोष्टींनी भरलेलं आहे.

पण तू आधी १९७४चं 'एव्हरी डे गेट्स अ लिटल क्लोजर' मिळव. जिनी (नाव बदललेलं) ही यालोमची पेशंट, लिहिणारी मुलगी, लेखन अडलेलं. फीऐवजी तिने प्रत्येक सेशननंतर त्याबद्दल लिहायचं, डॉक्टरांनीही लिहायचं, आणि काही महिन्यांनी एकमेकांचं वाचायचं, असं ठरलं. पुस्तकावर लेखक म्हणून दोघांची नावं. यालोमना आपली विश्लेषणं मोलाची वाटत होती. जिनीच्या लक्षात राहिलं ते वेगळंच: उशीर झाल्यावर त्यांनी मागितलेली माफी, कपड्यांचं केलेलं कौतुक, तिच्या विनोदाला आलेलं हसू. एकट्या डॉक्टरने लिहिलं असतं तर हे कुणाला कळलंच नसतं!

१९८९च्या 'लव्हज एक्झिक्यूशनर'मध्ये दहा पेशंटच्या कथा आहेत. एक जण आधीच वारला; बाकी प्रत्येकाने आपली कथा ओळ न् ओळ वाचून संमती दिली. ओळख लपवण्यासाठी केलेले बदलही त्यांनीच तपासले.

धाकटी_बहीण
मी पेशंटच्या घरातली. दादाला स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या चालू आहेत. आमच्याकडे नाव बदलून भागत नाही. 'स्टँडसमोरच्या सायकलवाल्याचा थोरला' एवढं लिहिलं की अख्खा तालुका ओळखतो. आणि डॉक्टर, विचारायचं तर दादाला विचारा. आम्ही घरचे 'हो' म्हणालो म्हणजे झालं, असं धरू नका. तो सावरलेला असतो तेव्हा त्याचं त्याला सगळं कळतं.

निशिगंध
ताई, अगदी खरं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम २३ गोपनीयतेचा हक्क पेशंटलाच देतं. शिवाय उपचार चालू असताना विचारलं तर तो डॉक्टरांचं मन राखायला 'हो' म्हणतो. म्हणून उपचार संपल्यावर विचारावं, आणि मजकूर दाखवून पुन्हा एकदा विचारावं.

कल्पित लेखनाचीही वाट आहे. यालोमच्या १९९२च्या कादंबरीत, 'व्हेन नित्शे वेप्ट'मध्ये, १८८२च्या व्हिएन्नात तिथले डॉ. ब्रॉयर जर्मन तत्त्वज्ञ नित्शेवर उपचार करतात. प्रत्यक्षात ते दोघे कधी भेटलेच नव्हते.

रेसिडेंट_मिरज
निशिगंधताई, धाकटी_बहीण, मनापासून आभार. संपादकांना आजच कळवते की यंदा कुणा पेशंटची गोष्ट देणार नाही. बरं वाटू लागल्यावर लोक गोळ्या का सोडतात, यावर लिहीन. धाकटी_बहीण, मसुदा आधी तुम्हाला पाठवला तर दादांना वाचायला द्याल?