गप्पीची पिल्लं जन्मतात, पण गायब होतात. काय करावं?

रानवारा:
नमस्कार. नाशिकला घरी दोन फुटी टाकीत गप्पी पाळल्यात, नर आणि माद्या जवळपास निम्मे-निम्मे. मादी सकाळी व्यायली, कोपऱ्यात पिल्लं दिसत होती. संध्याकाळपर्यंत दोन-चारच उरली. दुकानदार म्हणतो प्लॅस्टिकचा ब्रीडिंग बॉक्स घ्या आणि गाभण मादी त्यात ठेवा. घेऊ का? खायला उकडलेल्या अंड्याचा बलक चालेल? मुलगी उठल्याउठल्या पिल्लं शोधते, म्हणून या खेपेला जगवायचीच आहेत.

गच्चीतला टब:
ताई, मादीसाठी तो बॉक्स घेऊ नका. तेवढ्याशा जागेत ती बिथरते, भिंतींना धडका देते, कधी दिवस भरण्याआधीच पिल्लं टाकते. आणि पिल्लं खाते म्हणून तिला दोष देऊ नका. पोटात वाढवण्यापुरतंच तिचं आईपण; बाहेर आल्यावर समोर हलतंय ते तिच्यासाठी खाणं. पिल्लांना हवी असते लपायला जागा.

मिरजेत माझ्या गच्चीवर निळे टब आहेत, अर्धेअधिक जावा मॉस आणि हॉर्नवर्ट या पाणवनस्पतींनी भरलेले. मादीचं पोट चौकोनी दिसू लागलं, शेपटीकडचा डाग गडद झाला, की तिला एकटीला टबात सोडतो. जाळीनं नाही, मोठ्या वाटीत पाण्यासकट उचलतो. व्यायली की परत टाकीत. साधारण तीन ते चार आठवड्यांनी पुढचं वेत येतं, त्यासाठी नराची दर वेळी गरज नसते. एकदा घेतलेलं वीर्य मादी कित्येक महिने साठवून ठेवते. तुमच्याकडे मात्र निम्मे नर, म्हणजे माद्यांच्या मानानं जास्तच आहेत. ते माद्यांना दमवतात. एका नराला दोन-तीन माद्या असं ठेवा.

बलक चालतो, पण काडीच्या टोकावर मावेल इतकाच. उरलेला कुजतो, पाण्यात अमोनिया वाढतो, आणि भुकेपेक्षा पिल्लं त्यानंच जास्त मरतात. माझ्या मते सगळ्यात चांगलं खाणं आर्टिमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव; त्यांची सुकी अंडी मिळतात, ती घरी फोडायची. लिटरभर पाण्यात 25 ग्रॅमच्या आसपास खडेमीठ, चिमूटभर अंडी, तळापासून हवा. 28 अंशाच्या आसपास एक ते दीड दिवसात फुटतात. मग हवा बंद करून बाजूनं टॉर्च धरा. टरफलं वर तरंगतात, नारिंगी जीव उजेडाकडे जमतात. नळीनं ओढा, बारीक कापडातून गाळा, गोड्या पाण्यात धुऊन द्या. टरफलं नकोत, पिल्लांच्या आतड्यात अडकतात. खाल्ल्यावर पोटं नारिंगी दिसतात, तीच पोट भरल्याची खूण. ते जमलं नाही तर नेहमीचं खाणं चिमटीत चुरून अगदी पीठ करा आणि दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. फिल्टर स्पंजचाच ठेवा, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात.

बोअरचं पाणी:
मी टबात हलवत नाही. टाकीतच गवत दाट लावलं की पुरेशी जगतात. मी लातूरचा, आमचं बोअरचं पाणी जड, पण मॉली, प्लॅटी, गप्पी या तिन्ही माशांना तेच मानवतं. तुमचं नळाचं असेल तर क्लोरीन जायला बादली दिवसभर उघडी ठेवा. पाणी बदलताना पाव टाकीच बदला, गार-गरम सारखं ठेवून.

रानवारा:
खूप आभार दोघांचे. बॉक्स रद्द, उद्याच मॉस आणते. पण एवढी जगली तर ठेवायची कुठे? सासरे म्हणतात गोदावरीत सोडून दे.

गच्चीतला टब:
नदीत, ओढ्यात अजिबात नको ताई. हा दक्षिण अमेरिकेतला मासा. आपल्या छोट्या माशांची अंडी आणि पिल्लं खातो, आणि एकदा बसला की हटत नाही. दुकानदाराला द्या, ओळखीच्यांना द्या. सरकारी आरोग्य केंद्रांजवळ डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पींचे हौद असतात, तिथेही विचारून बघा.

त्याहून महत्त्वाचं, नर-मादी वेळेत वेगळे करा. तीन-चार आठवड्यांनी नराचा पोटाखालचा पर लांब काडीसारखा होतो, मादीचा पंख्यासारखाच राहतो. भिंगातून पाहा, मुलीला दाखवा, तिची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. शंका आली की ते पिल्लू नरांकडे टाका. तिथं एखादी मादी सापडली तर काढता येते, पण माद्यांत एक नर सुटला की सगळ्या गाभण.