कीटकांचे भ्रूण गोठवून ठेवायला सरकारने पैसे द्यावेत का?

घोडबंदरवासी:
वळूचं वीर्य आपण गोठवतो, बियाणं शीतगृहात जपतो. मग कीटकांनीच काय घोडं मारलंय? मिनेसोटा विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये फळमाशीचे भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना ठेवून परत जिवंत केले. निम्म्याहून जास्त भ्रूणांतून अळ्या निघाल्या. ठाण्याच्या येऊर जंगलाभोवती इमारतींचा वेढा आवळत चाललाय. इथल्या फुलपाखरांची, सातेरी मधमाश्यांची अशी गोठवलेल्या भ्रूणांची पेढी आत्ताच उभारायला हवी. मला यात थांबण्यासारखं काही दिसत नाही.

येऊरचा_भटक्या:
मला दिसतं. नीलवंत हे आपलं राज्य फुलपाखरू. त्याच्या अळीला माकडलिंबू नाहीतर लिंबाच्या कुळातलंच दुसरं झाड लागतं. ते झाड तोडलंत तर भ्रूण नळीतून काढून सोडणार कुठे? ठाण्याच्या ओवळेकर वाडीतल्या फुलपाखरू उद्यानात फुलपाखरं दिसतात ती तिथे त्यांची झाडं लावली, राखली म्हणून. शिवाय गोठवलेल्या भ्रूणांची टाकी आहे म्हटलं की जंगल तोडणाऱ्याला आयतं उत्तर मिळतं: 'नमुना ठेवलाय ना!' मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

प्रयोगशाळेतली:
मी फळमाश्यांवर काम करते. घोडबंदरवासी, तुम्ही फळमाशीवरून थेट फुलपाखरावर उडी मारलीत. कीटकाच्या भ्रूणावर कवच असतं आणि आत मेणाचा थर. त्यातून पाणी बाहेर येत नाही, गोठणरोधक द्रव्य आत जात नाही. म्हणून आधी ब्लीचने कवच काढायचं, मग मेण विरघळवायचं, मग एथिलीन ग्लायकॉल आत शिरवायचं, आणि बर्फाचे स्फटिक व्हायच्या आत क्षणात गोठवायचं. भ्रूणाचं वय थोडं चुकलं तरी सगळं वाया. फळमाशीत हे १९९० च्या सुमारास जमलं होतं, पण इतकं किचकट की फारसं कोणी वापरलं नाही. २०२१ च्या पद्धतीतही निघालेल्या अळ्यांपैकी पाव हिश्श्याच्या आसपासच प्रौढ माश्या झाल्या. प्रत्येक जातीचं कवच वेगळं, थंडी सोसण्याची ताकद वेगळी, म्हणजे प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात.

तरीही प्रयोगशाळेतल्या वाणांसाठी, म्हणजे मुद्दाम जोपासलेल्या वेगवेगळ्या वंशांसाठी, मला हे हवंच आहे. हजारो वाण बाटल्यांत जिवंत ठेवायचे, सतत नव्या खाद्यावर हलवायचे. त्यात नवी उत्परिवर्तनं (जनुकांतले बदल) साचतात, एका बाटलीतली माशी दुसरीत शिरते आणि वर्षांचं काम मातीत जातं.

रेशीमधागा:
ताईंना अनुमोदन. तमिळनाडूतल्या होसूरच्या रेशीम केंद्रात रेशीमकिड्यांचे वाण आजही जिवंत पाळून टिकवतात. वर्षात अनेक पिढ्या देणारे वाण तर पुन्हा पुन्हा वाढवावे लागतात. रेशीमकिड्याचं भ्रूण गोठवणं अजून नीट साधलेलं नाही. जपानमध्ये अळीचं अंडाशय गोठवून दुसऱ्या अळीत बसवतात. पैसा घालायचाच तर अशा ठिकाणी घाला. हे वाण माणसाने घडवलेत, रानात कुठेही सापडणार नाहीत.

येऊरचा_भटक्या:
हे पटतं. रानातल्या कीटकांबद्दल मात्र आणखी एक. काही ढेकण्यांच्या (झाडांचा रस शोषणाऱ्या किड्यांच्या) माद्या अंड्यांवर जिवाणू लावून ठेवतात, पिल्लं ते खातात आणि त्यावरच तगतात. ब्लीचने धुतलेल्या अंड्यात ते उरणार का? जनुकं वाचली तरी जीव अर्धाच वाचतो.

घोडबंदरवासी:
फुलपाखरांचं मागे घेतो, मधमाश्यांचं नाही. १९९०च्या दशकात थाई सॅकब्रूड विषाणूने केरळातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर मारल्या. उद्या तसा रोग सह्याद्रीत उतरला तर झाड लावून भागणार नाही.

प्रयोगशाळेतली:
मग भ्रूण कशाला? पाश्चात्य मधमाशीत नराचं वीर्य गोठवून राणीला कृत्रिम रेतन करता येतं. तेच आधी सातेरीवर नीट बसवा. मधमाशीच्या अळीला भरवायला दाई माश्या लागतात, त्यामुळे भ्रूण वाचवलं तरी पोळं लागणारच. तुमच्या भागात कोणी सातेरीच्या पेट्या ठेवतं का? रोगाला दाद न देणारी वसाहत कुठली, याची नोंद असेल तर नमुने कुठून घ्यायचे ते कळेल.