हॅलोविन: दारोदार जाण्याऐवजी ट्रंक-ऑर-ट्रीट कोणी केलंय का?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत एका टाउनहाउस कॉम्प्लेक्समध्ये राहतो. मुलगा सात वर्षांचा, शेंगदाण्याची जोरदार अ‍ॅलर्जी, एपिपेन (अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) कायम माझ्या पर्समध्ये. मागच्या हॅलोविनला खाऊ मागत दारोदार तासभर हिंडलो तर पोर्चचा दिवा चालू असलेली, म्हणजे खाऊ देणारी, घरं मोजून अकरा, बाकी सगळा अंधार, आणि घरी येऊन खाऊ गोळा केलेला उशीचा अभ्रा सतरंजीवर उपडा केला तर निम्म्याच्या वर बाजूला काढावं लागलं, कारण त्या फन साइझ चॉकलेटांच्या कागदावर बरेचदा घटक छापलेलेच नसतात, ते असतात मोठ्या पिशवीवर आणि ती पिशवी राहते देणाऱ्याच्या घरी! एकेक उचलून विचारत होता, "आई, हे पण नाही?"

म्हणून यंदा आमच्याच पार्किंगमध्ये ट्रंक-ऑर-ट्रीट करावं म्हणतेय, दहाबारा गाड्या ओळीने लावायच्या, डिक्क्या सजवायच्या, मुलं डिक्कीपाशी येऊन खाऊ घेणार. शाळा, चर्चवाले करतात तेच. सोबत टील पंपकिनही ठेवायचाय, म्हणजे तो निळसर-हिरवा भोपळा दिसला की कळतं इथे खाऊशिवायही काहीतरी मिळतंय (२०१४ पासून देशभर चालू आहे, पण आमच्या गल्लीत एकानेही ठेवला नव्हता).

आता अडचणी. असोसिएशनवाले इन्शुरन्सचं काय म्हणून विचारतायत, ते कोणी कसं सोडवलंत? खाऊ नाही तर मग द्यायचं काय, जे मुलं तिथेच टाकून जाणार नाहीत? सासूबाई म्हणाल्या चिवड्याच्या पुड्या कर, म्हटलं आई, चिवड्यात काय असतं?? आणि नवऱ्याचं म्हणणं, दारोदार गेल्याशिवाय ते हॅलोविनच नाही. त्याचंही चूक नाहीये म्हणा.

---

प्रतिसाद:
आम्ही दोन वर्षं केलं. इन्शुरन्ससाठी आधी असोसिएशनची स्वतःची पॉलिसी कॉमन एरियातला कार्यक्रम कव्हर करते का ते लेखी विचारून घ्या, आमचं तिथेच भागलं. गाड्या उजेड असतानाच लावून इंजिन बंद, नंतर एकही गाडी हलवायची नाही, पार्किंगच्या तोंडाशी ट्रॅफिक कोन. मेणबत्त्या नकोत, सेलवरचे दिवे लावा. ग्लो स्टिक सगळ्यात आधी संपतात, पेन्सिली उरतात. बाउन्सी बॉल तीन वर्षांखालच्यांना देऊ नका, घशात अडकतात.

आणि दारोदारची मजा हवी असेल तर भोंडल्याची खिरापत आठवा. प्रत्येक डिक्कीत झाकलेला डबा, हलवून वाजवायचा, आत काय ते ओळखलं की मगच वस्तू मिळणार. आमच्याकडे मोठी मुलंसुद्धा परत रांगेत येऊन उभी राहिली.

---

धागाकर्ती:
खिरापत!! हे कसं नाही सुचलं मला. नवऱ्याला वाचून दाखवलं, डबे तो आणणार म्हणालाय. असोसिएशनला आज मेल टाकते.