अपडेटनंतर इलेक्ट्रिक गाडीचा पिकअप कमी झाला का? ०-१०० च्या आकड्यांबाबत मदत हवी आहे

पेठरोडकर:

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. दीड वर्षापूर्वी पेट्रोल गाडी काढून टाकली आणि इलेक्ट्रिक घेतली. गाडीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण चूक कोणाची, किंवा मुळात चूक आहे की नाही, हेच अजून कळलेलं नाही.

कामासाठी आठवड्यातून तीनदा पेठला जावं लागतं. सावळघाट ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पुढे लोड ट्रक, तो वीस-पंचवीसने चढतोय, आणि दोन वळणांच्या मधे जेमतेम मोकळा रस्ता दिसतो. तेवढ्यात पाय दाबला की गाडी सुटली पाहिजे. जुनी पेट्रोल गाडी तिथे गिअर शोधत बसायची. ही गाडी घेतली त्यातलं मोठं कारण हा घाटच.

डिसेंबरमध्ये सर्व्हिसिंगच्या वेळी सॉफ्टवेअर अपडेट झालं. जॉब कार्डवर फक्त "सॉफ्टवेअर अद्ययावत केले" एवढीच ओळ. त्यानंतर गाडी सुस्त वाटायला लागली. मागच्या आठवड्यात घाटात एका टँकरला ओलांडायला निघालो आणि निम्म्यात पाय काढून परत मागे आलो, कारण गाडी नेहमीसारखी उचललीच नाही. शेजारी वडील बसले होते. काही बोलले नाहीत, पण त्यांनी दाराचं हँडल घट्ट धरलेलं मला दिसलं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

कंपनीचा आकडा ०-१०० साठी, म्हणजे उभ्या गाडीने ताशी १०० किमी वेग गाठायला, ९.५ सेकंद. ऑक्टोबरमध्ये मी हौस म्हणून मोजलं होतं, तेव्हा ९.६ आले. आता जानेवारीत पुन्हा मोजलं तर ११.७! दोन्ही वेळा जागा तीच, समृद्धीवर भरवीरच्या टोलमधून सुटल्यावर, मागे गाडी नाही हे बघून. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "साहेब, अपडेटने पिकअपला काही होत नाही."

दुसरीकडे अंबडमधला एक जण पंचवीस हजारांत "बूस्ट" करून देतो म्हणतोय. एक छोटा बॉक्स बसवतो, अर्ध्या तासाचं काम. परदेशात सॉफ्टवेअर टाकून गाडी फास्ट करतात असं वाचलंय, म्हणून मोह होतोय.

दोन सेकंद खरंच गेले का? आणि हा बॉक्स बसवू का? जाणकारांनी कृपया सांगा.

वायंडिंगवाला:

सातपूरला मोटर दुरुस्तीत पंचवीस वर्षं गेली, त्या जोरावर लिहितो. आधी हे सांगा: दोन्ही वेळा कशाने मोजलं? गाडीत किती माणसं होती? चार्ज किती होता, मोड कोणता होता? हे कळल्याशिवाय अपडेटला दोष देता येणार नाही.

पेठरोडकर:

ऑक्टोबरमध्ये एकटा होतो, चार्ज ९२ टक्के, स्पोर्ट मोड, मीटरचा व्हिडिओ काढून वेळ मोजली. जानेवारीत सकाळी साडेसहाला निघालो होतो, चांगलीच थंडी होती. चार्ज ३५ टक्के. वडील आणि काका सोबत, डिकीत द्राक्षांचे दोन क्रेट. मोड स्पोर्टच. या वेळी मोबाइलवरच्या जीपीएस अॅपने मोजलं.

वायंडिंगवाला:

मग दादा, तुम्ही एकाच वेळी चार गोष्टी बदलल्यात.

पहिली, मीटर. कोणत्याही गाडीचा स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवत नाही, थोडा जास्तच दाखवतो. नियमच तसा आहे. मीटरवर १०० दिसले तेव्हा खरा वेग ९६-९७ असू शकतो. वेगातले शेवटचे चार किमी गाठायला तुमच्या गाडीला अर्धा सेकंद लागतो. म्हणजे ऑक्टोबरचे ९.६ प्रत्यक्षात १० च्या पुढेच होते.

दुसरी, वजन. गाडी आणि चालक मिळून १६०० किलो धरा. उभी असलेली गाडी १०० वर न्यायला सुमारे ६१७ किलोज्यूल ऊर्जा लागते. ती साडेनऊ सेकंदांत द्यायची तर सरासरी ६५ किलोवॅट चाकांपर्यंत पोचले पाहिजेत. आता दोन माणसं आणि क्रेट मिळून १६० किलो वाढले, म्हणजे दहा टक्के. ताकद तीच, तर वेळही साधारण दहा टक्क्यांनी वाढणार. एक सेकंद इथे गेला.

तिसरी आणि चौथी, चार्ज आणि थंडी. ताकद म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. चार्ज उतरला की बॅटरीचं व्होल्टेज उतरतं. सेल गार असले की आतला रेझिस्टन्स वाढतो, पूर्ण पाय दाबल्यावर व्होल्टेज आणखी खाली बसतं, आणि बॅटरी सांभाळणारी यंत्रणा करंट आवरते. हा बिघाड नव्हे, सेलचं आयुष्य वाचवायची सोय आहे.

शिवाय साध्या फोनचं जीपीएस सहसा सेकंदाला एकदाच वेग देतं. एका फेरीवरून अर्ध्या सेकंदाचा हिशेब करू नका. एकटे जा, चार्ज ९० च्या वर, उन्हं वर आल्यावर, तीन फेऱ्या.

गोदाकाठ:

परदेशातल्या सॉफ्टवेअर बूस्टबद्दल थोडं. टेस्लाने डिसेंबर २०१९ मध्ये मॉडेल ३ च्या लाँग रेंज गाडीसाठी २,००० डॉलरला असं अपडेट आणलं, ०-६० मैल ४.४ वरून ३.९ सेकंदांवर आलं. पोलस्टार २ ला २०२२ मध्ये ६८ अश्वशक्ती वाढवून मिळाली, ०-१०० हे ४.७ वरून ४.४. मर्सिडीजने तर २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत वर्षाला १,२०० डॉलर भाडं लावून हेच द्यायचं ठरवलं. पण तिन्हीकडे काम कंपनीचंच. मोटर आणि इन्व्हर्टरमध्ये (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या भागात) किती जागा शिल्लक ठेवलीय हे तिला माहीत असतं, आणि वॉरंटीची जबाबदारीही तिचीच राहते.

आकडे वाचतानाही जपा. ६० मैल म्हणजे ९६.५ किमी, १०० नव्हे. आणि अमेरिकन पद्धतीत पुष्कळदा गाडी पहिली एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू होतं, त्यात पाव सेकंदाच्या आसपास वाचतो. आपल्याकडच्या गाड्यांतही मोड बघावा लागतो. हॅरियर ईव्हीचे ६.३ सेकंद बूस्ट मोडमधले आहेत.

सॉफ्टवेअर देताना कंपन्या कंजूषच असतात असंही नाही. जुलै २०२२ मध्ये नेक्सॉन ईव्ही प्राइम आली तेव्हा आधीच्या मालकांनाही क्रूझ कंट्रोल आणि कमी-जास्त होणारं रीजन (गाडीचा वेग कमी होताना ऊर्जा परत बॅटरीत भरणं) अपडेटमधून फुकट मिळालं. म्हणजे अपडेटने गाडीची वागणूक बदलते, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की तुमच्या गाडीत नेमकं काय बदललं.

वायंडिंगवाला:

बॉक्सबद्दल राहिलं. तो पेडलच्या कनेक्टरमध्ये बसतो ना? मग तो मोटरला एक वॅटही जास्त देत नाही. तुम्ही ४० टक्के पाय दाबला की तो मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरला ७० टक्के दाबला असं सांगतो. पूर्ण पाय दाबल्यावर दोन्ही सारखेच. त्यासाठी पंचवीस हजार, वर वॉरंटीचा वाद, आणि उद्या काही झालं तर विमा कंपनीला हातात आयतं कारण. आणि कोणी खरोखर कंट्रोलर उघडून ताकद वाढवून देतो म्हणाला, तर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करायला मनाई आहे.

सिन्नरफाटा:

नाव लिहिलं नाहीत, पण ९.५ च्या आकड्यावरून वाटतंय, माझ्याकडे हीच गाडी आहे आणि डिसेंबरचं अपडेट मी अजून घेतलेलं नाही. गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा ओबीडी स्कॅनरही आहे. रविवारी भेटू या? दोन्ही गाड्या शेजारी लावून बघता येतील.

पेठरोडकर:

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सिन्नरफाटा यांच्यासोबत अर्धा दिवस गेला, तो हिशेब इथे ठेवतो.

आधी एकट्याने, ९१ टक्के चार्जवर, स्पोर्टमध्ये, जीपीएसवर तीन फेऱ्या: १०.०, १०.२, १०.०. त्यांच्या गाडीचे १०.१, ९.९, १०.१. म्हणजे पूर्ण ताकद शाबूत आहे. वायंडिंगवाला साहेब, तुमचा हिशेब तंतोतंत उतरला.

मग मी हट्टाने म्हटलं, घाटात तर मी स्पोर्ट लावतच नाही, नॉर्मलमध्ये असतो, आणि पायही पूर्ण दाबत नाही. म्हणून ३० ते ६० मोजलं, नॉर्मल मोड, स्कॅनरवर पेडल ५० टक्के दिसेल इतकाच पाय. त्यांच्या गाडीला ४.३ सेकंद, माझ्या गाडीला ५.४. चार-चार वेळा केलं, फरक तेवढाच राहिला. शेवटी गाड्या बदलून घेतल्या. त्यांच्या गाडीत बसल्या बसल्या पायाला जुनी ओळख लागली. आणि माझ्या गाडीतून उतरल्यावर ते म्हणाले, "पेडल पहिल्या अर्ध्यात झोपलंय."

तर अपडेटने ताकद काढली नाही, नॉर्मल मोडमधला पायाचा हिशेब बदलला. शहरात कदाचित बरंच असेल. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत गाडी आता धक्के न देता सरकते, हे मलाही जाणवलं होतं. पण दीड वर्ष ज्या पायाने मी ट्रक ओलांडत होतो, त्या पायाला कोणी सांगितलंच नाही. टँकरच्या बाजूला असताना ते कळलं. माझा खरा राग यावर आहे. जॉब कार्डवर एक ओळ जास्त लिहिली असती, की नॉर्मल मोडमध्ये अॅक्सिलरेटरचा प्रतिसाद सौम्य केला आहे, तर मी घाटाआधीच सावध झालो असतो.

अंबडच्या माणसाला नको म्हणून कळवलंय. घाट लागायच्या आधी आता आठवणीने स्पोर्ट लावतो. काल पेठहून येताना दोन ट्रक ओलांडले, गाडी पूर्वीसारखी सुटली.

एक मदत अजून हवी आहे. मोजलेले आकडे जोडून सर्व्हिस सेंटरला मेल केलाय आणि अपडेटमध्ये काय काय बदललं ते लेखी मागितलंय. असा कागद कोणाला, कोणत्याही कंपनीकडून मिळाला असेल, तर त्यासाठी कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत अर्ज केला होता ते इथे टाका. आणि ज्यांनी डिसेंबरनंतर अपडेट घेतलंय त्यांनी नॉर्मलमध्ये, अर्ध्या पेडलवर, ३० ते ६० मोजून आकडा लिहा. सोबत चार्ज आणि माणसं किती होती तेही.