मदत हवी आहे: स्विफ्ट खाली घेतल्यापासून पुढचे टायर आतून झिजतायत

रामराम मंडळी, मी जळगावचा. स्विफ्टला लोअरिंग स्प्रिंग टाकून गाडी साधारण 35 मिमी खाली घेतलीय. दिसते झकास, वळणावर झोलही कमी झाला. पण पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेनेच खातायत. बाहेरून नक्षी शाबूत, आतून बोट फिरवलं की पार गुळगुळीत.

अलाइनमेंटवाल्याने टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बरोबर करून दिला. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा तिरपेपणा) मात्र दोन्हीकडे उणे दीड अंशाच्या आसपास येतोय, म्हणजे चाकं वरून आत झुकलीत. कंपनीकडून या गाडीला पुढे फक्त टो सेट होतो, म्हणून स्ट्रट (स्प्रिंग-शॉकअपचा खांब) आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या वरच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट, म्हणजे फिरवून कॅम्बर बदलता येतो असा बोल्ट, टाकायचा विचार आहे.

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे कोणी टाकलेत का? आपल्याकडच्या खड्ड्यांत ते सरकत तर नाहीत ना? की एवढ्या कॅम्बरला टायर जात नाही, दोष टोचाच असतो? शॉकअप अजून मूळचेच आहेत, गतिरोधकावर धाडकन आपटतात. तेही आखूड घ्यावे लागतील का?

घरच्यांना घेऊन सप्तशृंगी गडावर जायचंय. घाटात असे टायर नकोत. ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी रीडिंगसकट सांगा, भाऊ.