वीस वर्षं बंदोबस्त केल्यावर पोलिसाला पेन्शन घेऊन घरी जाता यावं की नाही?

वर्तकनगरची सून
आमच्या पोलीस लाईनीत समोरासमोर दोन घरं. समोरचे भाऊजी जून २००४ ला ठाणे शहर पोलिसांत लागले, आमचे हे जानेवारी २००८ ला. आज दोघंही हवालदार. टेंभीनाक्याची नवरात्र, मासुंद्यावरचं विसर्जन, घोडबंदर रोडला टँकर उलटला की रात्री दोनला येणारा फोन, सगळं सारखंच. वेगळी आहे ती पगाराची स्लिप. भाऊजींच्या स्लिपवर जीपीएफ (जुन्या पेन्शनवाल्यांचा भविष्य निर्वाह निधी) दिसतो, यांच्या स्लिपवर एनपीएस (नवी राष्ट्रीय पेन्शन योजना) : मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याचे १० टक्के दर महिन्याला कापलेले.

कारण एक तारीख. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर जो राज्य शासनाच्या नोकरीत रुजू झाला त्याला १९८२ चे निवृत्तीवेतन नियम, म्हणजेच जुनी पेन्शन, लागू नाहीत. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने थोडी वाट उघडली. ज्यांच्या भरतीची जाहिरात त्या तारखेच्या आधी निघाली होती पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुनी पेन्शन निवडायची एकदाच संधी मिळाली. यांची जाहिरातच २००७ ची.

पण मला आज रकमेवर भांडायचं नाही. माझं दुखणं वेगळं आहे. जुन्या नियमात वीस वर्षं सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि दुसऱ्या दिवसापासून पेन्शन सुरू होते. एनपीएसमध्ये ५८ च्या आधी बाहेर पडलं तर जमा रकमेचे ८० टक्के अॅन्युइटीत (विमा कंपनीच्या दरमहा पेन्शनमध्ये) घालावे लागतात, हातात येतात २० टक्के. म्हणजे कागदावर सुटता येतं, पण पोराबाळांच्या संसारात सुटता येत नाही. यांना मागच्या वर्षी बीपी आणि शुगर एकदमच निघालं. गुडघे तर आधीपासूनच गेलेले. बारा-बारा तास उभं राहण्याची नोकरी माणूस ५८ पर्यंत करू शकतो, असं ज्याला वाटतं त्याने दहीहंडीच्या दिवशी सकाळी सातपासून रात्री बारापर्यंत नाक्यावर उभं राहून बघावं.

पोलिसाची पेन्शनची पात्रता रुजू झाल्याच्या तारखेवर नको, त्याने केलेल्या वर्षांवर ठरावी. वीस वर्षं झाली की हक्काने जाता आलं पाहिजे. तुमचं काय म्हणणं?

नौपाड्याचा हिशेब
ताई, तुमच्या मिस्टरांच्या तब्येतीबद्दल वाईट वाटलं. पण मी आयुष्यभर सरकारी हिशेबात काम केलंय, म्हणून विरोधात लिहितो.

तारीख कुठेतरी आखावीच लागते. ती १ नोव्हेंबर आखली म्हणून त्या दिवशी रुजू झालेल्या माणसाला लागतं. १ जानेवारी आखली असती तर दुसऱ्या कुणाला लागलं असतं. जुनी पेन्शन साठवलेल्या पैशातून जात नाही, त्या त्या वर्षीच्या महसुलातून जाते. आज चाळिशीत निवृत्त होणारा माणूस ऐंशीपर्यंत जगला तर नोकरीच्या दुप्पट वर्षं पेन्शन घेणार, त्यानंतर बायकोला कुटुंब निवृत्तीवेतन. ते कोण देणार? आज शाळेत असलेली मुलं.

आणि धोका म्हणाल तर ठाणे महापालिकेचा अग्निशामक जवान, पावसात खांबावर चढणारा लाईनमन, सिव्हिलची रात्रपाळीची नर्स, यांना कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? केंद्रानेही २००४ पासून फक्त तिन्ही सैन्यदलांना एनपीएसमधून वगळलं, सीआरपीएफ-बीएसएफला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये त्या दलांच्या बाजूने निकाल दिला, पण त्याला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

शिवाय राज्याने २०२४ मध्ये सुधारित योजना आणलीच ना? शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, वर महागाई वाढ. मग अन्याय उरला कुठे?

कळंबोली मुख्यालय
काका, ती सुधारित योजना आली कशी हेही लिहा की. १४ ते २० मार्च २०२३ राज्यातले कर्मचारी संपावर होते, त्याच सुमारास समिती बसली, मग घोषणा झाली. त्या सात दिवसांत मी बेलापूरला संपकऱ्यांच्या बंदोबस्ताला उभा होतो. त्यांची मागणी तीच माझी मागणी, पण माझ्या हातात काठी. १९६६ च्या कायद्याने पोलिसाला सरकारच्या परवानगीशिवाय संघटनाही करता येत नाही. मुंबईत ऑगस्ट १९८२ ला पोलिसांनी संप केला तेव्हा संघटनेची मान्यताच काढून घेतली. ज्याला मागायला तोंड दिलेलं नाही त्याला लाईनमन आणि नर्सच्या रांगेत उभं करू नका. त्यांच्यासाठी बोलायला युनियन आहे.

खारघर २०१८ बॅच
मीही शिपाईच, पण माझं मत उलटं आहे आणि लाईनीत बोललो तर शिव्या पडतात. माझे १० टक्के, सरकारचे १४ टक्के, दर महिन्याला माझ्या प्रान खात्यात, म्हणजे एनपीएसच्या माझ्या नंबरच्या खात्यात. मोबाईलवर दिसतात. उद्या मी गेलो तर ती रक्कम माझ्या माणसांची. जुनी पेन्शन हा सरकारचा शब्द, आणि सरकारने तो २००५ मध्ये एका निर्णयाने नव्या लोकांपुरता बंद केलाच ना? मला शब्दापेक्षा शिल्लक बरी वाटते.

वर्तकनगरची सून
दादा, शिव्या कशाला. पण तुम्ही २०१८ चे. यांच्या काळात डीसीपीएस (एनपीएसच्या आधीची राज्याची कपातीची योजना) होती, आणि पहिली काही वर्षं कापलेले पैसे कुठल्या खात्यात गेले ते विचारायला हे रजा टाकून जायचे. हिशेबाची चिठ्ठी मिळायची नाही. तुमची शिल्लक मोबाईलवर दिसते म्हणून तुमचा विश्वास बसलाय.

आणि शिल्लकीचं गणित करून बघा. समजा ५० लाख जमले. निवृत्तीच्या वयाला ६० टक्के काढून घेतले, उरलेल्या २० लाखांवर ६ टक्क्यांनी अॅन्युइटी धरली तर महिन्याला १० हजार. त्यावर महागाई वाढ नाही. काढलेले ३० लाख घरात जातात, ठाण्यात वन आरके येत नाही त्यात.

बायको म्हणून अजून एक सांगते. नव्या योजनेतला माणूस गेला तर कुटुंब निवृत्तीवेतन मिळायला २०२३ चा शासन निर्णय यावा लागला. त्याआधी दहा वर्षांच्या आत गेलेल्यांच्या घरी १० लाख सानुग्रह, तेसुद्धा २०१८ पासून. मधल्या वर्षांत ज्या घरांतले गेले त्या बायका मला माहीत आहेत. एक आमच्याच लाईनीतली, खोली सोडून गावाला गेली.

सेवानिवृत्त हवालदार, कोपरी
मला जुनी पेन्शन आहे. ४० टक्के विकली, म्हणजे तेवढ्याचे पैसे एकरकमी आधीच घेतले, पंधरा वर्षांनी ती पूर्ववत होईल. सूनबाईचं खरं आहे. माझ्या बरोबरचे तिघं पन्नाशीच्या आत स्वेच्छेने गेले, तिघंही आज धडधाकट आहेत. जे थांबले त्यातले दोघं निवृत्तीनंतर दोन वर्षंही जगले नाहीत. नौपाडेकर, ऐंशीपर्यंत जगणारा पोलीस मला दाखवा.

होमगार्ड, कळवा
तुम्ही जुनी की नवी यावर बोलताय. आम्ही कुठल्याच यादीत नाही. होमगार्ड १९४६ ला मुंबईत सुरू झाले, कायदा १९४७ चा, त्यात आम्ही स्वयंसेवक. त्याच नाक्यावर, त्याच पावसात, पोलिसाच्या शेजारी. २०२४ ला रोजचा भत्ता ५७० वरून १,०८३ झाला, चांगलं झालं. पण बंदोबस्त असेल तो दिवस भरला, नसेल तो कोरडा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये भत्ता पोलीस शिपायाच्या किमान पगाराइतका धरा असं सांगितलं, कायम करा असं नाही सांगितलं. ताई म्हणतात वर्षांवर पात्रता ठरवा. माझी सतरा झाली. ती कुठे मोजायची?

नौपाड्याचा हिशेब
होमगार्ड दादांना माझ्याकडे उत्तर नाही, ते मान्य करतो.

ताई, तुमच्या एका मुद्द्यावर मी सरकतो. केंद्राची यूपीएस, म्हणजे एकीकृत पेन्शन योजना, पुन्हा वाचली. पूर्ण पेन्शनला २५ वर्षं लागतात, आणि २५ नंतर स्वेच्छेने गेलात तरी पैसे सुरू होतात ते तुम्ही निवृत्तीच्या वयाला पोचला असता त्या दिवसापासून. मधली वर्षं रिकामी. टेबलावरच्या माणसाला हे चालेल, तो पंचेचाळिसाव्या वर्षी सोडून जात नाही. रस्त्यावरच्या माणसाला नाही चालणार. तेव्हा कपात सगळ्यांची राहू दे, पण पोलीस, अग्निशमन यांच्यासाठी वीस वर्षांनंतर लगेच सुरू होणारी पेन्शन, थोडी कमी दराने का होईना, मला हिशेबात बसते. जुनी पेन्शन सरसकट परत आणायला मात्र माझा विरोध कायम. राजस्थानने २०२२ मध्ये आणली, तेव्हा एनपीएसमधले पैसे राज्याला परत मिळायला नकार आला. म्हणजे जमा अडकलेली आणि देणं नवं.

कळंबोली मुख्यालय
कमी दराने का, काका? काम कमी दराने केलं का आम्ही?

वर्तकनगरची सून
राहू दे भाऊ, ते एवढं सरकले. मी कमी दरातही घेईन. भाऊजींची वीस वर्षं जून २०२४ ला भरली. त्यांनी अर्ज केलेला नाही, पण परवा रात्रपाळीवरून आल्यावर म्हणाले, कपाटात अर्ज लिहून ठेवलाय, तो आहे म्हणून कामावर जाववतं. यांची वीस जानेवारी २०२८ ला भरतील. ५८ पूर्ण होतील २०४२ ला. मधली चौदा वर्षं मला दिसतायत.