‘तक्रार’ आणि ‘करार’ यांचं नातं आहे का?

प्रश्न : आमच्या नागपुरात हिंदी बोलणारे भांडणाला ‘तकरार’ म्हणतात. मराठीत मात्र तक्रार म्हणजे गाऱ्हाणं. एक परिचित सांगतात, करार मोडला की तकरार होते, त्यावरून हा शब्द आला. खरं आहे का?

उत्तर : ऐकायला छान आहे, पण ही व्युत्पत्ती टिकत नाही. देवनागरीत आपण दोन्हीकडे एकच ‘क’ लिहितो, तिथेच फसगत होते. अरबीत ते दोन वेगळे वर्ण आहेत. ‘करार’मधला क घशातून निघणारा ‘क़ाफ’. त्या धातूचा अर्थ स्थिर होणे, ठरणे. इकरार आणि ‘तारीख मुक्रर केली’ यातला मुक्रर हे त्याचेच भाऊबंद. १९५३ सालच्या नागपूर करारातला करार तो हाच.

‘तकरार’मधला क साधा ‘काफ’. तो धातू परत येण्याचा, म्हणून तकरार म्हणजे मुळात निव्वळ पुनरावृत्ती. फारसीत आजही तोच अर्थ आहे. मुशायऱ्यात शेर आवडला की ‘मुकर्रर!’ अशी दाद येते, ती याच धातूची : पुन्हा म्हणा.

पुनरावृत्तीचं भांडण का व्हावं, हे कळायला कुठलंही भांडण ऐकावं. तू असं म्हणालास, नाही, तूच म्हणालास. तेच ते उलटसुलट चालतं. हिंदी-उर्दूत शब्द त्या अर्थावर स्थिरावला. मराठीत तो हरकतीकडे आणि तिथून गाऱ्हाण्याकडे वळला, असं मला वाटतं. ‘बिनतक्रार’ हा शब्द बघा. ‘त्यांनी बिनतक्रार भाडं वाढवून दिलं’ म्हणजे हरकत न घेता दिलं. इथे कुठे अर्ज नाही की नोंद नाही. पुढे तर गुडघ्याचीही तक्रार होऊ लागली.

नागपुरात दोन्ही अर्थ रोज कानावर पडतात, म्हणून इथल्या भाषांतरकारांनी जास्त जपावं. ‘पति-पत्नी में तकरार’ याचं ‘पती-पत्नीत तक्रार’ केलं की मराठी वाचणारा पोलीस ठाण्यात जाऊन पोचतो. तिथे बाचाबाची, खटके, फार तर भांडण लिहावं. तक्रार हा शब्द हिंदीतल्या ‘शिकायत’साठी राखून ठेवावा.